महेश्वरी साडी घेताय? या चुका टाळा

ओंकारेश्वर-उज्जैनच्या सहलीत बसवाले महेश्वरला जेमतेम दोन तास देतात. बराचसा वेळ नर्मदेच्या घाटावर फोटो काढण्यात जातो आणि साड्या उरलेल्या घाईत उरकल्या जातात. बहुतेक फसवणूक तिथेच होते.

सगळ्यात महागात पडते ती ‘सिल्क’ या शब्दाची भूल. नेहमीच्या महेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. त्यामुळे “प्युअर सिल्क है, दीदी” असं कानावर आलं की उलट सावध व्हायचं. पदराच्या दशा म्हणजे उभेच धागे. त्यातला एक मागून घ्या आणि दुकानाबाहेर पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर रेशीम. कडक गुठळी झाली, तर पॉलिएस्टर. कागद जळल्याचा वास आला, तर सूत किंवा व्हिस्कोस, म्हणजे नकली रेशीम. व्हिस्कोसची चमक रेशमासारखीच, म्हणून लोक त्यातच सहज गंडतात. धागा द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून मी तरी साडी घेणार नाही.

काठ फक्त समोरून बघू नका. जुन्या पद्धतीचा महेश्वरी काठ दोन्ही बाजूंनी सारखा चालतो, साडी उलटूनही नेसता येते.

माग न बघता खरेदी करणं ही आणखी एक चूक. अहिल्याबाईंची राजधानी असलेल्या या गावात आजही हातमाग चालतात. किल्ल्यातल्या रेहवा सोसायटी या विणकर संस्थेत आधी विणकाम बघा, हाताला कापड ओळखीचं होऊ द्या, मग बाजारात शिरा. आणि विणकराच्या दारात निम्म्या भावाने सुरुवात करू नका. ती घासाघीस दुकानात चालेल.

बाग प्रिंट, म्हणजे धार जिल्ह्यातल्या बाग गावची ठशांची छपाई, म्हणून स्क्रीन प्रिंटही विकतात. हाताने मारलेल्या लाकडी ठशांचे सांधे कुठेतरी किंचित चुकतातच; अख्ख्या थानावर नक्षी काटेकोर जुळली तर शंका घ्या.

नर्मदेचा बाण, म्हणजे पूजेतलं गुळगुळीत दगडी शिवलिंग, घेताना ‘नदीनेच घडवला’ हे ऐकून जास्त पैसे मोजू नका. खरगोन जिल्ह्यातल्या बकावां गावात हे दगड घडवून, घासूनपुसून चकचकीत करतात. पूजेला चालतोच, फक्त भाव त्या हिशेबाने द्या.

घरी आल्यावर रंग गेला तर लगेच घाबरू नका. बाग प्रिंटचा लाल रंग पहिल्या धुण्यात थोडा सुटतो. कपडा वेगळा, गार पाण्यात, भिजत न ठेवता धुवा आणि सावलीत वाळवा. दुसऱ्या कपड्याला डाग लागलाच, तर तो वाळायच्या आत गार पाण्यात खळबळून काढा. इस्त्री फिरवली की डाग पक्का बसतो.