ऑल-एज ड्रम कोअरच्या मोसमाची तयारी

ड्रम कोअर म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर चालत वाजवणारं ब्रास (पितळी फुंकवाद्यं) आणि ड्रमचं पथक, सोबत झेंडे फिरवणारे. ज्युनिअर कोअरमधली मुलं उन्हाळाभर बसने गावोगाव फिरतात, शाळांच्या जिममध्ये झोपतात आणि आठवडेच्या आठवडे दिवसभर सराव करतात. साधारण एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी त्यांचा तो काळ संपतो. ऑल-एज कोअरला वरची वयोमर्यादा नाही, पण इथला माणूस सोमवारी सकाळी कामावर हजर असतो. हाताशी असतात ते शनिवार-रविवार. म्हणून या यादीतलं बहुतेक सगळं सोमवार ते शुक्रवार घरी करायचं आहे. आपली नोट आणि आपलं पाऊल पाठ करूनच मैदानावर यायचं, तिथे ते फक्त बाकीच्यांशी जुळवायचं. शनिवारी येऊन शिकू म्हणणाऱ्या एकामुळे अख्खी ओळ थांबते.

अमेरिकेच्या ईशान्येला ही परंपरा जुनी आहे. न्यू जर्सीतल्या हॉथॉर्नचे कॅबलेरोज १९४६ पासून, तर पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगचे बकनिअर्स १९५७ पासून आहेत. या कोअरची स्पर्धा अनेक दशकं डीसीए (ड्रम कोअर असोसिएट्स) ही संस्था चालवत होती आणि तिची अंतिम फेरी लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) शनिवार-रविवारी व्हायची. तिथल्या मराठी माणसाला ती तारीख अनेकदा अडचणीची, कारण गणपती त्याच सुमारास येतात. २०१९ साली तर गणेश चतुर्थी आणि लेबर डे दोन्ही २ सप्टेंबरलाच आले. २०२४ पासून ही कोअर डीसीआयच्या (ड्रम कोअर इंटरनॅशनल) ऑल-एज वर्गात उतरतात, त्यामुळे जुन्या माणसांनी सांगितलेलं वेळापत्रक गृहीत धरू नका. आपल्या कोअरचं या वर्षीचं कॅलेंडर मागून घ्या आणि ते घरातल्या फ्रिजवर लावा.

यादीत पहिलं काम या कॅलेंडरचंच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ऑडिशन, हिवाळ्यात साधारण महिन्याला एका शनिवार-रविवारी सरावाचा कॅम्प, वसंतात जवळपास प्रत्येक आठवडाअखेर, मग शो. मुलांच्या शाळेला सुट्टी म्हणून जून-जुलैत भारतात जायचं असेल, तर या वर्षी कोअर नको. हे स्पष्टच सांगितलेलं बरं. ड्रिलमध्ये, म्हणजे मैदानावरच्या हालचालींच्या आराखड्यात, प्रत्येकाची जागा ठरलेली असते. एक जण नसला की तिथे नुसती रिकामी जागा राहत नाही, शेजारचे दोघं त्या जागेचा अंदाज घेत सरकतात आणि चुकीचं अंतर त्यांच्या पायात बसतं. ते काढायला पुढचे दोन सराव जातात. अंतिम फेरीच्या आधीचे दोन दिवस रजा आत्ताच टाका. लग्न, मुंज, बारसं यांच्या तारखा सेक्शन लीडरला फेब्रुवारीत कळवल्या तर सोय होते, जूनमध्ये कळवल्या तर होत नाही.

मग पैसे. वर्गणी किती हे विचारून थांबू नका, त्यात काय काय धरलंय ते विचारा. गणवेशाचं भाडं, बूट, हातमोजे, कॅम्पचं जेवण, लांबच्या शोची बस. बहुतेक कोअर हॉर्न आणि ड्रम स्वतः पुरवतात. माउथपीस, काठ्या, प्रॅक्टिस पॅड, मोजे आपले. गॅस आणि टोलचा हिशेब वेगळा मांडा. दोन-अडीच तास गाडी चालवून येणारे इथे पुष्कळ असतात, त्यामुळे आपल्या रस्त्यावरचा जोडीदार पहिल्या कॅम्पलाच शोधा.

कुठल्या विभागात जायचं? ब्रास वाजवता येत असेल तर प्रश्न नाही, फक्त ट्रम्पेटवाल्यांची गर्दी असते आणि कॉन्ट्राला (खांद्यावर घ्यायचा ट्यूबा) माणसं कमी पडतात, हे लक्षात ठेवा. वुडविंड इथे नाहीत. सॅक्सोफोन किंवा बासरी वाजवणाऱ्याने पिटमधल्या (मैदानाच्या पुढच्या कडेला एका जागी उभं राहून वाजवणारा विभाग) मरिंबा-व्हायब्राफोनचा किंवा कलर गार्डचा (झेंडे फिरवणारे) विचार करावा. पुण्या-मुंबईच्या ढोल-ताशा पथकातून आलेल्यांची पावलं आपोआप ड्रमलाइनकडे वळतात. त्यांच्यासाठी दोन सूचना. ताशाची काडी बारीक आणि लवचिक, स्नेअरची काठी जाड हिकरीची. शिवाय इथे काठी किती उचलायची ते इंचांत ठरलेलं असतं: तीन, सहा, नऊ, बारा. जोर चढला म्हणून हात वर गेला, तर तो उत्साह धरला जात नाही, चूक धरली जाते. दुसरं म्हणजे बेस ड्रम. ढोलावर पूर्ण ठेका एकटा वाजवतो, इथे पाच माणसांत एकच ओळ वाटलेली असते आणि आपल्या वाट्याला धावत्या चार ठोक्यांतला एखादाच येतो. तो बरोबर बसवायचा तर आधी पाचही जणांची पूर्ण ओळ पॅडवर वाजवून पाठ करा. मग बाकीचे ठोके तोंडाने म्हणत फक्त आपला हाताने मारा. थेट आपलाच ठोका मोजत बसलात तर तो कायम उशिरा पडेल.

ऑडिशनचं पॅकेट (पाठ करायच्या संगीताची पानं) आलं की ते छापून घ्या, फोनवर वाचू नका. घरच्या सरावाला रोज पाऊण तास पुरतो, पण तो उभ्याने आणि पाय मारत करायचा. बसून बिनचूक वाजणारी ओळ चालताना मोडते, कारण टाच टेकताना श्वास हलतो. ब्रासवाल्यांनी आठ मात्रा श्वास आत, आठ बाहेर, मग लांब सूर, मग लिप स्लर (जीभ न लावता ओठांनी सूर बदलणं) या क्रमाने जावं आणि शेवटची दहा मिनिटं वाद्य खाली न आणता काढावीत. शोच्या दहा-बारा मिनिटांत बहुतेकांचे हात ओठांच्या आधी थकतात. कोअरचा कॉन्ट्रा ट्रकमध्ये असतो, तेव्हा घरी माउथपीसवर बझिंग (ओठ थरथरवून आवाज काढणं) करा आणि खांद्यासाठी वजन उचला. ड्रमवाल्यांनी पाठीवरची सॅक पुढे छातीवर अडकवून, तिच्यात पुस्तकं भरून पॅड वाजवावा. कॅरिअरचं (ड्रम अंगावर अडकवायचा सांगाडा) वजन पुढे ओढतं आणि कंबर त्याविरुद्ध मागे झुकते. ती सवय लागली की जुलैत पाठ धरते. पॅडबद्दल आणखी एक. मार्चिंग स्नेअरचं कातडं केव्हलारचं, दगडासारखं ताणलेलं असतं. मऊ रबराच्या पॅडवर मिळणारी उसळी तिथे मिळत नाही. कडक पृष्ठभागाचा पॅड घ्या. काठ्यांना पांढरी पीव्हीसी टेप गुंडाळली नाही तर रिमवर आपटून लाकडाच्या ढलप्या निघतात. टेपचं वजनही हाताला जाणवतं, म्हणून घरीसुद्धा टेप लावलेल्या काठ्याच वापरा.

कलर गार्डचा दांडा सहा फुटी असतो आणि अपार्टमेंटचं छत आठ फुटांवर, तेव्हा सराव पार्कमध्येच. दांड्याच्या दोन्ही टोकांना आत बोल्ट घालून वर रबरी टोपी बसवतात आणि सगळं इलेक्ट्रिकल टेपने बांधतात. वजन न भरलेल्या दांड्यावर टॉस (हवेत फेकून झेलणं) शिकलात तर खऱ्या दांड्याचं फिरणं वेगळ्याच वेळेला हातात येईल. दर आठवड्याला दांडा कानाजवळ हलवून पाहा. आत खडखड झाली की बोल्ट सुटलाय. तो शोमध्ये उडून कोणाला लागण्याआधी टेप बदला.

आता पाऊल. मैदानाची भाषा आठ-ते-पाच आहे, म्हणजे पाच यार्डांत आठ पावलं, एक पाऊल साडेबावीस इंच, सुमारे ५७ सेंटिमीटर. घरासमोरच्या पार्किंगमध्ये खडूने पंधरा फुटांवर दोन रेषा मारा. आठव्या मात्रेला पायाचा मधला भाग रेषेवर आला पाहिजे, टाच नाही आणि बोटंही नाहीत. पुढे चालताना टाच आधी, बोटं वर, मग पाऊल रोल करत खाली. मागे चालताना टाचा जमिनीला लागू द्यायच्या नाहीत. हे जमलं की सहा-ते-पाचचं तीस इंची आणि बारा-ते-पाचचं पंधरा इंची पाऊल घ्या. उंच माणसाला बारा-ते-पाच छळतं, बुटक्याला सहा-ते-पाच. आपलं कुठलं ते ओळखून त्यालाच जास्त वेळ द्या.

डॉट बुक, म्हणजे मैदानावरच्या आपल्या जागा लिहायची वही, हा यादीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा जिन्नस. तीन बाय पाच इंचांची स्पायरल वही, गळ्यात किंवा कमरेला दोरी, घाम-पावसासाठी झिप पिशवी, आणि लिहायला पेन्सिल, कारण सेट (ड्रिलमधल्या ठरलेल्या जागा) दर आठवड्याला बदलतात. प्रत्येक पानावर सेटचा क्रमांक, मात्रा, मैदानाची बाजू एक की दोन (प्रेक्षकांतून पाहता डावी ती एक, उजवी ती दोन), कुठल्या यार्ड रेषेपासून किती पावलं आत किंवा बाहेर, आणि कुठल्या हॅशच्या किती पुढे किंवा मागे. आत म्हणजे मधल्या, पन्नासच्या रेषेकडे. हॅश म्हणजे मैदानावर लांबीच्या दिशेने रंगवलेल्या छोट्या खुणांच्या दोन ओळी. नव्या माणसाच्या निम्म्या चुका बाजू एक आणि दोनची अदलाबदल करण्यात असतात, आणि मग तो आरशातल्यासारखा बरोबर विरुद्ध बाजूला आत्मविश्वासाने उभा असतो. दोन सेटच्या मधला बिंदूही काढून लिहा. सुरुवात आणि शेवट बरोबर असूनही ओळ वाकडी दिसते ती मध्यावरच. यूडीबी (अल्टिमेट ड्रिल बुक) ॲपमध्ये हे सगळं तयार मिळतं, पण हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं. हॅश हायस्कूलचे धरलेत की कॉलेजचे, हे पहिल्याच दिवशी विचारा. कॉलेजचा पुढचा हॅश साइडलाइनपासून साठ फुटांवर, म्हणजे बत्तीस पावलांवर असतो. हायस्कूलचा सव्वात्रेपन्न फुटांच्या आसपास, साधारण अठ्ठावीस पावलांवर. सरावाच्या मैदानावर एक आणि शोच्या मैदानावर दुसरा रंगवलेला असला की अर्धी हॉर्नलाइन चार पावलं पुढे जाऊन उभी राहते.

कानाची तयारी मात्र बहुतेक याद्यांत नसते. मैदान पुढून मागे साधारण त्रेपन्न यार्ड आहे, म्हणजे जवळपास ४९ मीटर. मागच्या साइडलाइनचा आवाज पुढे यायला साधारण ०.१४ सेकंद लागतो. मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.३३ सेकंदांची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मात्रेचा फरक. मागे उभे असाल तर डोळे ड्रम मेजरच्या (पुढे उभं राहून हातांनी लय दाखवणारा) हातावर आणि पुढून येणारा आवाज कानाबाहेर. पुढे किंवा पिटमध्ये असाल तर मागच्या बॅटरीकडून (चालत वाजवणारे ड्रमवाले) जसं ऐकू येतं तसं त्याच्याबरोबर वाजवायचं. दोन्हीकडचे एकमेकांचं ऐकत बसले की लय ढासळत जाते आणि दोघांनाही आपण बरोबर वाटतो. मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाच्या सेक्शनचं ऐकणं याहून वाईट. घरी मेट्रोनोमचा आवाज बंद ठेवून नुसत्या दिव्यावर वाजवायची सवय लावा. आणि इअरप्लग. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात, आणि ड्रमलाइन तिथवर सहज पोचते.

शरीराबद्दल चाळिशी उलटलेल्यांनी जरा जास्त लक्ष द्यावं. पोटऱ्या, नडगी आणि टाचेमागची शीर आधी तक्रार करतात. चालणं-धावणं फेब्रुवारीपासून हळूहळू वाढवा, मे महिन्यात एकदम नको. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हात दिवसभर राहण्याबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या. उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि एसी जिममधला ट्रेडमिल त्यात मोजत नाहीत.

पिशवीत एक गॅलनचा पाण्याचा जग, आणि नुसतं पाणी नको, मीठही हवं. कोकम सरबतात मीठ घालून नेलं तरी काम होतं. टोपी, सनस्क्रीन दर दोन तासांनी, पण तळहाताला नको. दांडा, कलर गार्डची लाकडी रायफल, काठी सगळंच निसटतं. गवतातल्या गोचिडींसाठी फवारा ठेवा. कनेक्टिकट-पेनसिल्व्हेनियात लाइम आजार थट्टेचा विषय नाही, रात्री आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे आणि मोज्याच्या कडेला तपासा. डब्यात दशमी, पोळीचा रोल, केळी चालतील. दहीभात तापलेल्या गाडीत ठेवू नका. ब्रासवाल्यांनी चिक्की सरावानंतर खावी. खाऊन लगेच फुंकलं की साखर आणि चुरा थेट व्हॉल्व्हमध्ये जातो.

त्याच पिशवीत व्हॉल्व्ह ऑइल, स्लाइड ग्रीस, मऊ कापड, ड्रम की, पांढरी आणि काळी टेप. व्हॉल्व्ह पुसायला काढले तर १, २, ३ हे आकडे बघून परत घाला, अदलाबदल झाली की हवाच जात नाही. माउथपीस अडकला तर पक्कड लावू नका, पुलर (तो काढायचं साधन) मागा. हॉर्न धुवायचा तर कोमट पाण्यात, कढत पाण्याने लॅकर सुटतं. ढग गडगडले की मैदान सोडायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं परत यायचं नाही. पिटने त्याआधीच सिंथेसायझरची वीज तोडून ताडपत्री टाकलेली असली पाहिजे.

शोच्या दिवसासाठी गणवेशाखालचे कपडे वेगळ्या पिशवीत, आदल्या रात्री. काळे मोजे दोन जोड, हातमोजे दोन जोड. पांढरे मोजे घालून आलेला एक जण दरवर्षी सापडतोच आणि मग पायाला काळी टेप गुंडाळून उभा राहतो. जेवण तीन तास आधी. शंभरपैकी चाळीस गुण एकूण परिणामाचे, तीस दृश्याचे, तीस संगीताचे, तेव्हा वाजवत नसलेल्या मात्रांतही चेहरा आणि हनुवटी कामावर असतात. शो झाल्यावर आधी वाद्य पुसून खोक्यात, मग पिटची सामानगाडी ट्रकवर चढवायला सगळे. ड्रमवाल्यांच्या पाठी तेव्हा अचानक दुखू लागतात, त्याकडे लक्ष देऊ नका.

परतीच्या गाडीत चालवू शकणारी दोन माणसं हवीत, कारण निघेपर्यंत मध्यरात्र होते. आणि रविवारी रात्री, पाठ टेकण्याआधी, त्या दिवशी बदललेले सेट डॉट बुकमध्ये खोडून नव्याने लिहा. सोमवारी ऑफिसातून आल्यावर त्यातले दोन तरी आठवत नाहीत.