मावशीची ऑर्डर धरत नाहीत: वेबसाइटशिवाय अ‍ॅफिलिएट, नागपुरातून

आपल्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की दुकान आपल्याला कमिशन देतं, त्याला अ‍ॅफिलिएट म्हणतात. वेबसाइट नसली तरी अ‍ॅफिलिएटचं कमिशन मिळतं. मला मिळतं. उन्हाळ्यात महिन्याचा किराणा निघतो, पावसाळ्यात मोबाइलचं रिचार्ज निघालं तरी खूप. आधीच सांगून टाकलेलं बरं. कोणी तुम्हाला ‘घरबसल्या लाख रुपये’ सांगून इकडे पाठवलं असेल, तर पुढचं वाचून त्याचा राग येईल.

लिंक कशी बनवायची, ट्रॅकिंग आयडी (विक्री तुमच्या नावावर लावणारा कोड) कुठे दिसतो, हे तुम्हाला येतं असं धरते. खातं उघडताना वेबसाइटच्या जागी काय दाखवायचं, हा नवख्यांचा पहिला प्रश्न. अ‍ॅमेझॉनच्या असोसिएट्स या अ‍ॅफिलिएट प्रोग्रामला यूट्यूब चॅनल चालतो, इन्स्टाग्रामचं किंवा फेसबुकचं सगळ्यांना दिसणारं पेजही चालतं. अर्नकरोसारखी अ‍ॅप वेबसाइट नसलेल्यांना समोर ठेवूनच चालतात. ऑक्टोबर 2024 मध्ये यूट्यूबने फ्लिपकार्ट आणि मिंत्राला घेऊन भारतात स्वतःचा शॉपिंग अ‍ॅफिलिएट प्रोग्राम सुरू केला, पण तिथे चॅनल आधी त्यांच्या अटींत बसावा लागतो. ते नंतर बघा. एक लक्षात ठेवा, खातं उघडताना जी जागा लिहून दिली तिथेच लिंक टाकायची. नवीन पेज काढलं तर ते आधी खात्यात जोडायचं.

आता मुख्य गोष्ट. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

अ‍ॅमेझॉनचा नियम असा की खातं उघडल्यापासून 180 दिवसांत तीन विक्र्या व्हायला हव्यात, नाहीतर खातं बंद. बंद झालं तर पुन्हा अर्ज करता येतो, म्हणजे आभाळ कोसळत नाही. पण नवख्या माणसाला ते 180 दिवस डोक्यावर बसल्यासारखे वाटतात. मग तो काय करतो? फॅमिली ग्रुप उघडतो. ‘मावशी, तुला मिक्सर घ्यायचाच आहे ना, माझ्या लिंकवरून घे.’ मानेवाड्याची मावशी, सक्करदऱ्याचे काका, अमरावतीचा आतेभाऊ, सगळे कौतुकाने घेतात. खात्याच्या डॅशबोर्डवर विक्रीचे आकडे दिसतात, आपण खूश.

त्या ऑर्डरी धरत नाहीत. स्वतःची खरेदी चालत नाही हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण नातेवाईक आणि मित्रांची खरेदीही नियमात बसत नाही, हे वाचायला कोणी थांबत नाही. ‘त्यांना कळणार कसं?’ हा पुढचा प्रश्न, आणि तो विचारणारा प्रत्येक जण स्वतःला फार हुशार समजतो. अहो, ऑर्डर त्यांच्याच दुकानात झालेली असते! पत्ता त्यांच्याकडे, मोबाइल नंबर त्यांच्याकडे, पैसे कुठल्या कार्डावरून आले तेही त्यांच्याकडे. भावाच्या घरी ज्या पत्त्यावर तुम्ही राखीला पार्सल पाठवलं होतं, त्याच पत्त्यावर तुमच्या लिंकवरून मिक्सर गेला तर जुळवायला किती वेळ लागतो?

एका प्रोग्रामवरचं माझं खातं असंच गेलं. (कुठल्या, ते सांगत नाही. नियम सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच.) खातं गेलं की जमलेलं कमिशनही गेलं, आणि वर मावशी भेटेल तिथे विचारते, ‘मंग, माह्या मिक्सरचे पैसे भेटले का तुले?’

फॅमिली ग्रुपचा दुसरा तोटा मला जास्त मोठा वाटतो. ओळखीच्या लोकांकडून चार ऑर्डरी आल्या की आपल्याला वाटतं धंदा सुरू झाला. प्रत्यक्षात आपल्या लिंकवर एकही अनोळखी माणूस आलेला नसतो. हे काम चालतं ते अनोळखी माणसावर, आणि तोही असा, की ज्याला ती वस्तू आजच हवी आहे. आजच, कारण अ‍ॅमेझॉनवर क्लिक केल्यापासून 24 तासच तुमचे असतात. तेवढ्यात त्याने वस्तू कार्टमध्ये टाकली तर पुढे थोडी मुदत मिळते, नाहीतर विषय संपला. ‘पगार झाला की घेईन’ म्हणणाऱ्याची ऑर्डर तुमच्या नावावर लागत नाही.

मग असा माणूस आणायचा कुठून? माझ्यापुरतं उत्तर कूलर.

नागपुरात होळी झाली की माळ्यावरचे कूलर खाली येतात. पाणी भरलं, बटण दाबलं, पंखा फिरतो आणि पाणी काही चढत नाही. त्या संध्याकाळी तो माणूस मोबाइलवर काय शोधत असेल? ‘बेस्ट एअर कूलर’ नाही. तो शोधतो ‘कूलरचा पंप पाणी फेकत नाही’. बाबांनी आयुष्यभर कूलर दुरुस्त केले, त्यामुळे हे प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले. बोअरचं खारं पाणी असलं की पंपाच्या आतल्या छोट्या पंख्यावर पांढरा थर चढतो आणि तो अडकतो. झाकण काढून पंखा लिंबाच्या पाण्यात ठेवला आणि जुन्या टूथब्रशने घासला की बरेचदा पंप पुन्हा चालतो. माझ्या व्हिडिओत मी आधी हेच दाखवते, प्लग काढून. तरीही नाही चालला तर मग नवा घ्या, छोट्या कूलरला 18 वॅटचा पुरतो, मोठ्या डेझर्ट कूलरला 40 चा, लिंक खाली आहे.

लोक म्हणतात, फुकटचा उपाय आधी सांगितला तर विकत कोण घेईल? घेतात. ज्याचा पंप लिंबाने सुरू झाला तो पुढच्या वर्षी वाळ्याच्या ताट्या की हनीकोंब (जाळीदार पॅड), हे विचारायला परत येतो. आणि खरं सांगायचं तर बर्डीच्या बाजारात जाऊन पंप आणणं एप्रिलच्या उन्हात कोणाला नको असतं.

हिशेब मात्र आधी करून ठेवा. 400 रुपयांचा पंप, कमिशन समजा 5 टक्के, म्हणजे 20 रुपये. कमिशनचे दर वस्तूच्या प्रकारानुसार बदलतात, त्यामुळे प्रोग्रामच्या पानावर चालू दर बघितल्याशिवाय विषय ठरवू नका. पंपासाठी आलेला माणूस त्याच वेळी आणखी काही घेऊन गेला तर त्याचंही कमिशन सहसा मिळतं, पण त्यावर घर चालवायची स्वप्नं बघू नका.

यूट्यूब शॉर्ट्सच्या, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंच्या, मागे लागलेल्यांसाठी एक. 31 ऑगस्ट 2023 पासून यूट्यूबने शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमधल्या आणि कमेंटमधल्या लिंका बंद केल्या. दिसतात, पण दाबता येत नाहीत. व्ह्यू कितीही येऊ देत, लिंकवर कोणी पोचत नाही. त्यामुळे शॉर्टमधून माणसाला मोठ्या व्हिडिओकडे न्यायचं आणि लिंक तिथे ठेवायची. इन्स्टाग्रामवरही कॅप्शनमधली लिंक उघडत नाही, बायोत किंवा स्टोरीच्या स्टिकरमध्ये द्यावी लागते. नवख्यांना इथे निराश झालेलं मी फार बघितलंय, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. हे वर्षावर्षाला बदलतं.

आता गुरू लोक. माझं मत कडू आहे. अ‍ॅफिलिएट शिकवायचे पैसे घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचं खरं उत्पन्न शिकवण्याचंच असतं. त्याहून वाईट म्हणजे पॅकेजवाले: आधी कोर्स विकत घ्या, मग तोच कोर्स आणखी चौघांना विका, त्यांनी विकला की त्यातलंही तुम्हाला. याला ते अ‍ॅफिलिएट म्हणतात. माणसं जोडण्याचे पैसे मिळत असतील तर ती साखळी आहे, आणि अशा मनी सर्क्युलेशनवर (नव्यांचे पैसे जुन्यांत फिरवण्यावर) आपल्याकडे 1978 पासून कायद्याने बंदी आहे. अ‍ॅमेझॉनचं खातं उघडायला एक रुपया लागत नाही. टेलिग्रामवर ‘रिव्ह्यू द्या, पैसे कमवा’ म्हणून आधी थोडे देतात आणि मग तुमच्याकडून भरून घेतात, ती तर सरळ फसवणूक. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

लिंकवर कमिशन मिळतं हे लपवू नका. ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी 2023 च्या सूचनांप्रमाणे व्हिडिओ असेल तर ते व्हिडिओतच सांगायचं, बोलून आणि लिहून, नुसतं डिस्क्रिप्शनमध्ये नाही. मी सुरुवातीलाच म्हणते, ‘खालच्या लिंकवरून घेतलं तर मला थोडं कमिशन मिळतं, तुमची किंमत तीच राहते.’ त्याने ऑर्डरी कमी झाल्या असं मला तरी दिसलं नाही.

पैशांचं वेळापत्रक समजून घ्या, कारण इथे धीर सुटतो. ऑर्डर झाली म्हणजे कमिशन झालं नाही. वस्तू परत गेली की कमिशन परत. अ‍ॅमेझॉन महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी पैसे देतं, म्हणजे एप्रिलच्या विक्रीचे पैसे जूनच्या शेवटाला. डॅशबोर्डच्या आकड्यावर ईएमआय घेऊ नका, कृपा करून. पॅन आधीच भरून ठेवा. 1 ऑक्टोबर 2024 पासून कमिशनवरचा टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) 5 वरून 2 टक्के झाला आहे, पण पॅन नसेल तर 20 टक्के कापतात. पॅन दिलेला असेल तर कापलेलं इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर दिसतं, आणि तेवढा कर लागत नसेल तर रिटर्न भरून परत मागता येतं.

पहिले काही महिने काहीच हलणार नाही. ते सगळ्यांचंच असतं, त्यावरून स्वतःला नालायक ठरवू नका. पण त्या काळात पाच विषयांवर उड्या मारल्यात तर मात्र दोष तुमचाच.

जूनमध्ये पाऊस लागला की माझ्या व्हिडिओंवर चिटपाखरू फिरकत नाही. तेव्हा मी थंडीची तयारी करते. खारं पाणी गिझरलाही सोडत नाही, आणि दिवाळीनंतर ‘गिझरचं पाणी उशिरा तापतं’ असं शोधणारे सुरू होतात. त्यातली निम्मी कामं इलेक्ट्रिशियनची आहेत, तिथे मी लिंक देत नाही, घरी माणूस बोलवा म्हणून सांगते.