पेटी सीलबंद, पण कशापासून? फ्युएल सेलच्या पेटंटचा परीक्षण अहवाल आल्यावर काय करायचं

परीक्षण अहवाल, म्हणजे पेटंट कार्यालयाने अर्जावर घेतलेल्या आक्षेपांचं पत्र, आला त्या दिवशी उत्तर लिहायला बसू नका. वर्कशॉपमध्ये जा आणि पेटीचं झाकण उघडा.

मी हे प्रत्येक अर्जदाराला सांगते आणि जमेल तेव्हा स्वतः जाते. पेटंट एजंटची परीक्षा देण्याआधी मी सात वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत रबरी सील आणि गॅस्केट (झाकणाच्या सांध्यात बसवायची पट्टी) बनवणाऱ्या कारखान्यात होते. त्यामुळे माझा हात आधी गॅस्केटच्या खाचेत जातो, कागद नंतर. फ्युएल सेलच्या (हायड्रोजन आणि हवेपासून वीज बनवणाऱ्या साधनाच्या) पेट्यांचे जेवढे अर्ज माझ्या टेबलावरून गेले, त्यांतल्या बहुतेकांचा खरा शोध झाकणाखाली होता आणि अर्जात तो नीट आलेलाच नव्हता.

चाकणच्या दोन भागीदारांची गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून सांगते. मालवाहू तीनचाकीसाठी ५ किलोवॅटचा स्टॅक (एकावर एक रचलेल्या सेलचा गठ्ठा), त्यावर ॲल्युमिनियमची पेटी. रस्त्यावरचं पाणी, चिखल, धूळ आत जाऊ नये म्हणून ती आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) केलेली. यातला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडाली तरी चालेल. हायड्रोजनबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. स्टॅकमधल्या शेकडो सांध्यांतून थोडा हायड्रोजन झिरपतोच, आणि तो हवेच्या सुमारे चौदा पट हलका असल्यामुळे थेट झाकणाच्या पोटाला जाऊन साठतो. हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, आणि ठिणगीही अगदी बारीक पुरते. म्हणजे पाणी रोखण्यासाठी पेटी जितकी घट्ट कराल तितका आतला धोका वाढतो. घट्ट पेटी कोणीही बनवेल. गळालेला वायू कुठे न्यायचा, शोध तिथे असतो.

या दोघांनी गॅस्केटला दोन ओठ दिले होते. ओठांच्या मधली ४ मिमीची खाच एका नळीने कॅथोडला (सेलच्या हवेकडच्या इलेक्ट्रोडला) हवा देणाऱ्या काँप्रेसरच्या शोषण बाजूला जोडली होती. स्टॅक चालू असताना खाचेत किंचित निर्वात राहायचा. झाकणाचं पोट एका कोपऱ्याकडे चढतं ठेवलेलं, आणि त्या कोपऱ्यातून बारीक छिद्रांनी वायू त्याच खाचेत ओढला जायचा. तिथून तो हवेबरोबर कॅथोडवर जाऊन प्लॅटिनमवर ऑक्सिजनशी जुळायचा आणि त्याचं पाणी व्हायचं. स्टॅक बंद असताना कोपऱ्यातल्या पीटीएफई (टेफ्लॉन) पडद्यातून वायू बाहेर जायचा आणि पाणी आत यायचं नाही. सुंदर काम होतं. अर्जाच्या पहिल्या क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या वाक्यात, मात्र एवढंच: सीलबंद पेटी, आत फ्युएल सेल स्टॅक, गॅस्केट आणि वायुवीजनाची सोय.

असा क्लेम परीक्षणात टिकत नाही, आणि टिकूही नये.

अहवाल आला की आधी तारखा लिहून काढा. अहवाल पाठवल्याच्या तारखेपासून उत्तराला ६ महिने असतात. ते संपायच्या आत फॉर्म ४ (मुदतवाढीची विनंती) भरला तर आणखी ३ महिने मिळतात. मुदत चुकली तर अर्ज सोडून दिला असं कायदाच धरतो. दुसरी तारीख लोक विसरतात. परदेशात याच शोधाचे अर्ज केले असतील, तर २०२४ च्या सुधारित नियमांनुसार नवा फॉर्म ३ (परदेशातल्या अर्जांची माहिती) अहवालाच्या तारखेपासून ३ महिन्यांत द्यायचा असतो. उत्तराला सहा महिने आहेत म्हणून हाही सहा महिन्यांत देऊ, असं समजू नका. आणि ज्यांनी अजून परीक्षणाची विनंतीच केलेली नाही त्यांच्यासाठी: १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांना ही मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आली आहे. या विनंतीची, म्हणजे फॉर्म १८ ची, ऑनलाइन फी व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्थांना ४,००० रुपये, इतरांना २०,००० रुपये. स्टार्टअप आणि लघुउद्योगांना, तसंच सगळे अर्जदार व्यक्ती असून त्यांत एक जरी महिला असेल तर, फॉर्म १८ए भरून जलद परीक्षण मागता येतं. घरच्या कारखान्यात बायको, बहीण, मुलगी खरोखर शोधात सहभागी असेल तर तिचं नाव अर्जात असायलाच हवं. जलद परीक्षण हा नंतरचा फायदा. आधी ते तिच्या कामाचं श्रेय आहे.

आता अहवाल वाचा. पहिलं पान म्हणजे आक्षेपांचा तक्ता: नावीन्य, शोधपायरी (जाणकाराला सहज सुचणार नाही असं काही आहे का), कलम ३ (कशाला शोध मानायचं नाही त्याची यादी), स्पष्टता, औपचारिक बाबी. तक्ता बघून घाबरू नका. तपशिलाच्या भागात डी१, डी२ अशी जुन्या पेटंटांची यादी असते. ती पेटंटं एस्पसनेट किंवा पेटंटस्कोप या पेटंटांच्या संकेतस्थळांवरून उतरवून घ्या आणि आधी आकृत्या बघा, मजकूर नंतर. प्रत्येक आकृतीत हवा कुठून आत येते, कुठून बाहेर जाते, हे रंगीत पेन्सिलने आखा. मी हे आजही हातानेच करते.

त्याच वेळी वर्गीकरणाचा क्रमांकही पाहा. स्टॅकच्या पेट्या, आवरणं, डबे यांचा वर्ग एच०१एम ८/२४७५ (शोधताना तो रोमन अक्षरांत टाइप करावा लागतो). सेलच्या आतल्या, इलेक्ट्रोड आणि पडद्याभोवतीच्या सीलचा वर्ग एच०१एम ८/०२७१. हा फरक फार उपयोगाचा आहे. आतलं सील हायड्रोजन आणि हवा एकमेकांपासून वेगळे ठेवतं. पेटीचं सील बाहेरचं जग आत येऊ देत नाही. अहवालात ८/०२७१ मधलं कागदपत्र पेटीच्या सीलविरुद्ध लावलेलं असेल, तर ते वेगळ्या अडचणीवरचं उत्तर आहे हे दाखवायला जागा असते. पण एवढ्यावर भिस्त ठेवू नका. सील जाणणारा माणूस दोन्हीकडे बघतो, मीही बघायचे.

चाकणच्या अर्जात डी१ होती पंखा लावून हवा खेळवलेली पेटी. डी२ मध्ये दोन ओ-रिंग (रबरी कड्या) आणि त्यांच्यामध्ये गळती तपासायचं छिद्र होतं. एक्झामिनरचं म्हणणं, दोन्ही एकत्र केले की तुमची पेटी तयार होते. शिवाय कलम ३(एफ): माहीत असलेली साधनं शेजारी शेजारी मांडलीत, प्रत्येक साधन आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करतंय, मग तो शोध नव्हे.

अशा आक्षेपाला ‘आमची रचना वेगळी आणि अधिक कार्यक्षम आहे’ असं उत्तर देऊन काही होत नाही. वेगळेपण कुठल्या भागात आहे आणि त्याने काय घडतं, हे भाग-भाग दाखवायचं. मी एक तक्ता करते. डावीकडे आपल्या क्लेममधला एकेक भाग, पुढे तो डी१ मध्ये आहे का, डी२ मध्ये आहे का, कुठल्या परिच्छेदात. प्रामाणिकपणे भरा. जे जुन्यात आहे ते आहे म्हणून लिहा. कंट्रोलर, म्हणजे अर्जावर निर्णय देणारे अधिकारी, ते वाचणारच आहेत. आमच्या तक्त्यात शेवटी दोनच ओळी रिकाम्या राहिल्या. ओठांमधली खाच काँप्रेसरच्या शोषणाला जोडलेली, ही एक. झाकणाचं चढतं पोट आणि खाचेत उघडणारी छिद्रं, ही दुसरी. डी२ मधलं छिद्र तपासणीपुरतं, काम चालू असताना त्यात बूच. डी१ मध्ये कॅथोडची हवा बाहेरून वेगळ्या नळीने, पेटीशी तिचा संबंधच नाही. दोन्ही कागद पुढ्यात ठेवले तरी बूच काढून ते छिद्र काँप्रेसरला जोडावं, असं दोन्हींपैकी कुठेही सुचवलेलं नाही. शोधपायरीचा युक्तिवाद नेमका इथे उभा राहतो.

३(एफ) ला उत्तरही त्यातूनच निघतं. भाग एकमेकांवर अवलंबून आहेत हे दाखवा. काँप्रेसर नसेल तर खाच नुसती खाच आहे; चढतं पोट नसेल तर वायू छिद्रांपर्यंत येत नाही; दोन ओठ नसतील तर शोषणाने बाहेरचं पाणी आत ओढलं जाईल. एक भाग काढला की बाकीचे ते काम करू शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात हीच कसोटी दिली होती. तिथे वाद होता लेथवर भांडी धरायच्या साधनाचा. नुसती वर्कशॉपमधली सुधारणा पुरेशी नाही. जुन्या गोष्टी जुळवल्या असतील तर त्यातून नवा परिणाम, नवी वस्तू, किंवा अधिक चांगली वा स्वस्त वस्तू निघाली पाहिजे. ज्यांनी लेथवर काम केलंय त्यांनी तो निकाल जरूर वाचावा, आपल्याच भाषेत लिहिल्यासारखा वाटतो.

यानंतर क्लेम दुरुस्त करायचा, आणि सगळ्यात जपायची जागा ही आहे. कलम ५९ नुसार दुरुस्ती करता येते ती क्लेम आवरता घेण्यासाठी, चूक सुधारण्यासाठी किंवा खुलाशासाठी. दुरुस्त क्लेम आधीच्या क्लेमच्या कक्षेत पूर्णपणे बसला पाहिजे, आणि त्यात घातलेली गोष्ट मूळ स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातलं शोधाचं वर्णन, आकृत्या आणि क्लेम) असली पाहिजे. चाकणच्या दोघांचा क्लेम ढिसाळ होता, पण वर्णनाच्या नवव्या पानावर आणि तिसऱ्या आकृतीत खाच, नळी, छिद्रं, झाकणाचा चढ, सगळं होतं. म्हणून आम्ही ते क्लेममध्ये आणू शकलो.

दुसऱ्या एका अर्जात तसं झालं नाही, आणि ते मला अजून लागून राहिलंय. माझ्याकडे आला तेव्हा तो दाखल होऊन दोन वर्षं झाली होती. गॅस्केटच्या छेदाचा आकार, त्याचं दाबलं जाण्याचं प्रमाण, सिलिकोनऐवजी ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) घेण्याचं कारण, सगळं त्या माणसाच्या डोक्यात होतं आणि वहीत होतं. सिलिकोनमधून हायड्रोजन ईपीडीएमपेक्षा कितीतरी सहज आरपार जातो. त्याची सगळी रचना या एका गोष्टीवर उभी होती. अर्जात लिहिलं होतं: ‘योग्य सील वापरून’. या तीन शब्दांत त्याची चार वर्षं गेली. वही मी कंट्रोलरांपुढे ठेवू शकत होते, स्पेसिफिकेशनमध्ये घालू शकत नव्हते.

म्हणून अजून अर्ज केला नसेल तर तात्पुरतं स्पेसिफिकेशन दाखल करा आणि पूर्ण स्पेसिफिकेशन देण्यासाठी मिळणारे पुढचे १२ महिने वापरा. त्या काळात छेद काढा: सील दाबलेलं आणि न दाबलेलं, दोन्ही. खाचेची खोली-रुंदी किती ते किती चालते, कुठल्या मापाला बिघडते, हेही लिहा. रबराचं नाव आणि ते घेण्याचं कारण लिहा. स्टॅक चालू असताना, बंद असताना आणि थंडीत पाणी साचल्यावर वायू कुठून जातो, ते तीनदा वेगळं सांगा.

‘सीलबंद’ या शब्दाची व्याख्याही तिथेच करा. चाकणच्या अर्जाच्या हिअरिंगमध्ये (सुनावणीत) कंट्रोलरांनी पहिलाच प्रश्न विचारला: पेटी सीलबंद म्हणता आणि तिला छिद्रंही आहेत म्हणता, मग सीलबंद कशी? प्रश्न अगदी रास्त होता. नवव्या पानावर एक ओळ होती, ‘बाहेरून येणाऱ्या पाण्या-धुळीपासून सीलबंद’, तिने आम्हाला तारलं. क्लेममध्ये आम्ही तेवढंच ठेवलं, आकृतीतले क्रमांक कंसात घातले, आणि जुनं काय व नवं काय हे ‘वैशिष्ट्य असे की’ या जोडाने वेगळं केलं.

हिअरिंग व्हिडिओवर होतं. स्क्रीनवर दाखवायला एकच पान तयार ठेवा: डी१, डी२ आणि आपली पेटी, तिन्ही छेद शेजारी शेजारी, हवेचे बाण एकाच रंगात. शोधक सोबत बसावा. प्रश्न खाचेबद्दल आला की मी गप्प बसते आणि त्याला बोलू देते. हिअरिंगनंतर लेखी म्हणणं १५ दिवसांत द्यायचं असतं. तोंडी जे बोललात ते सगळं त्यात आलं पाहिजे, कारण आदेश कागदावरून लिहिला जातो. गळतीच्या चाचण्यांचे आकडे पुरावा म्हणून इथे जोडता येतात. अर्ज नाकारला गेला तर ३ महिन्यांत उच्च न्यायालयात अपील आहे; आपल्याकडचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात, म्हणून मुंबई उच्च न्यायालय.

एक जाता जाता. पेटीच्या नुसत्या बाह्य रूपासाठी डिझाइन कायदा, २००० खाली वेगळी नोंदणी असते, १० वर्षं आणि पुढे ५. ती सोपी आणि स्वस्त आहे, पण आतल्या खाचेला तिचा काही उपयोग नाही.

चाकणचं पेटंट मंजूर झालं, मूळ क्लेमपेक्षा बरंच अरुंद. त्या दिवशी मी फोनवर त्यांचं अभिनंदन केलं आणि लगेच सांगितलं: तिसऱ्या वर्षापासूनचं साचलेलं नूतनीकरण शुल्क नोंद झाल्यापासून ३ महिन्यांत भरायचंय, आजच कॅलेंडरवर खूण करा.