पोर्तुगालच्या आतल्या भागात शेत घेताय? या चुका टाळा

दर हिवाळ्यात कुणाचा तरी फोन येतोच. "कास्तेलु ब्रांकुजवळ चार एकर, दगडी घर, ऑलिव्हची झाडं, आणि किंमत पुण्यातल्या वन-बीएचकेहून कमी. घेऊन टाकू ना?" मी विचारतो, कागद पाहिले का? उत्तर ठरलेलं: व्हिडिओ पाहिला.

कागदावर घर आहे का, हे न बघणं. इथे मिळकतीचे दोन प्रकार: रुश्तिकु म्हणजे शेतजमीन आणि उर्बानु म्हणजे इमारत. जाहिरातीतलं टुमदार दगडी घर कागदावर बहुतेकदा 'पालेयरु' निघतं, म्हणजे पेंढा ठेवायची जागा. त्यात राहायला परवानगी नाही, आणि जमीन राखीव शेतीक्षेत्रात असेल तर वाढवायलाही सहसा मिळत नाही. 2024 पासून खरेदीखताच्या वेळी इमारतीचा वापर-परवाना दाखवायची सक्ती गेली. लोक खूश झाले. अहो, म्हणजे ती तपासणी आता तुमच्याच गळ्यात पडली! घर 1951 च्या आधीचं असेल तर परवान्यातून सूट मिळते, पण ते जुनं आहे हे सिद्ध तुम्ही करायचं.

आणखी एक. करखात्याचा उतारा म्हणजे मालकी नव्हे; मालकी नोंदणी कार्यालयात बघायची. गोव्यात ज्यांनी मात्रिझ (जुनी करनोंद) आणि जुन्या पोर्तुगीज नोंदी चाळल्यात त्यांना हे सांगावं लागत नाही. सातबाऱ्यावर वाढलेल्या माणसाला मात्र दहादा सांगावं लागतं.

शेजाऱ्याचा हक्क विसरणं. लहान शेतजमीन विकायची असेल तर लागून असलेल्या शेतमालकाला आधी विचारावं लागतं. त्याला अटी-किमतीसह कळवायचं, आठ दिवस द्यायचे. न विचारता विकली, तर व्यवहार कळल्यापासून सहा महिन्यांत तो कोर्टात जाऊन त्याच किमतीत जमीन स्वतःकडे मागू शकतो.

माझ्या ओळखीचं एक जोडपं, दोघंही आयटीतले. एजंट म्हणाला, "सरकारी संकेतस्थळावर जाहिरात टाकली होती, कुणी हक्क सांगितला नाही." ती जाहिरात सरकार आणि नगरपालिकेच्या हक्कासाठी असते, शेजाऱ्यासाठी नव्हे. शेजारी होता फ्रान्समध्ये. इथले बरेच लोक परदेशात कामाला, त्यामुळे या भागातली कितीतरी घरं अकरा महिने बंद असतात आणि ऑगस्टात अचानक गाव भरतं. तसा तो आला, नवं कुंपण पाहिलं आणि थेट वकिलाकडे गेला. यांनी शॉर्टकट म्हणून रकमेचा मोठा भाग रोख देऊन खतात किंमत कमी दाखवलेली. म्हणजे शेजारी खतातल्या कमी किमतीतच जमीन मागणार; आता खरी किंमत सांगायची तर स्वतःची करचोरी कबूल करायची. त्यात घर कागदावर पालेयरु. ते रीतसर घर असतं आणि जमीन त्याचा भाग असती, तर शेजाऱ्याच्या हक्कातून वाचायची शक्यता तरी होती. शेवटी झरा असलेला तुकडा पडत्या भावात शेजाऱ्याला देऊन तडजोड झाली. झरा गेला, पाणी गेलं. एजंट फोन उचलत नाही.

माझी सवय साधी आहे. गावातल्या कॅफेत बसायचं, चारी बाजूंचे मालक कोण ते विचारायचं, आणि प्रत्येकाला रजिस्टर पत्र गेल्याची पावती हातात आल्याशिवाय इसार द्यायचा नाही. वकील आपला, एजंटचा नाही. घाई असेल त्यांनी लिस्बनमध्ये फ्लॅट भाड्याने घ्यावा.

कोकणातलं पंचांग सोबत आणणं. इथे पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा. तरीही आमची मंडळी जूनमध्ये रोपं लावतात आणि ऑगस्टात काड्या मोजतात. झाडं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लावा. विहीर बघायची ती सप्टेंबरात; फेब्रुवारीत सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात.

पण खरी भीती वेगळी. एकाने मे महिन्यात पालापाचोळा गोळा करून पेटवायची तयारी केली होती. "आमच्याकडे राब भाजतातच की!" राब भाजल्यावर तुमच्याकडे पाऊस येतो, इथे पुढचे चार महिने वारा आणि वणवा येतो. 17 जून 2017 ला पेद्रोगांव ग्रांदच्या वणव्यात 66 माणसं गेली, त्यातली कितीतरी रस्त्यावर, गाडीत. त्याच वर्षी ऑक्टोबरातही या पट्ट्यात आगी लागल्या. म्हणून इथे ढीग पेटवायचा तर आधी कळवावं किंवा परवानगी घ्यावी लागते, आणि धोक्याच्या दिवसांत बंदीच. घराभोवती 50 मीटर साफ ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे: झाडांचे शेंडे एकमेकांपासून 4 मीटर, पाइन आणि निलगिरी असतील तर 10. मुदत साधारण एप्रिलअखेर, कधी सरकार वाढवतं. मी मुदतवाढीची वाट बघत नाही. मार्चमध्ये गवत ओलं असतानाच कापतो, फांद्या जाळण्याऐवजी बारीक करून झाडांच्या बुंध्याशी पसरतो, तेही घरापासून लांब.

बाकीच्या चुका झटपट. कॉर्क-ओक (ज्याच्या सालीची बाटलीची बुचं होतात ते झाड) आपल्या जमिनीत आहे म्हणून तोडू नका, परवानगीशिवाय ते बेकायदा आहे. दगडी घर जानेवारीत बाहेरच्यापेक्षा आत थंड असतं. शेकोटीचं लाकूड आदल्या वर्षीच घेऊन ठेवा, ओलं लाकूड नुसता धूर देतं. शेताचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून दाराला चिकटवा, 112 ला फोन केल्यावर 'निलगिरीनंतर डावीकडे' हा पत्ता चालत नाही. आणि इंग्रजीवर भागेल असं कुणी सांगितलं असेल, तर तो माणूस दक्षिणेतल्या, परदेशी लोकांनी भरलेल्या अल्गार्वच्या किनाऱ्यावर राहतो.