डेस्कटॉपसाठी हायब्रिड ड्राइव्ह की एसएसडी?
एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी फ्लॅश मेमरीच्या चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह, घ्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीत निघण्यापूर्वी संगणकाचे बाजूचे झाकण उघडून मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डावर) एम.२ स्लॉट, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी थेट बसवण्याची खाच, आहे का, आणि असल्यास तो एनव्हीएमई (अधिक वेगवान जोडणी) चालवतो की फक्त साटा (जुनी, तुलनेने संथ जोडणी), हे पाहून घ्यावे. स्लॉटच नसेल, तर २.५ इंची साटा एसएसडी घ्यावी.

हायब्रिड ड्राइव्ह ही मुळात फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्कच असते; तिला जोडलेल्या, बहुधा ८ जीबीच्या, फ्लॅश मेमरीत ती वारंवार लागणारा डेटा स्वतःहून साठवते, त्यामुळे विंडोज लवकर सुरू होते, पण क्वचित लागणारी फाइल उघडताना तबकडीचा मूळचा संथपणा जाणवतोच. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते. तरी खरा फरक पडतो तो हजारो लहान फाइल वाचताना, कारण तेथे तबकडी फिरून येण्याची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून हायब्रिड आता घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ५०० जीबीच्या एसएसडीवर विंडोज आणि प्रोग्रॅम ठेवावेत. लग्नमुंजीचे व्हिडिओ जुन्या हार्ड डिस्कवर राहू द्यावेत, मात्र त्यांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर असावीच. एम.२ एसएसडी तिरकी सरकवून, हलकेच आडवी दाबून बारीक स्क्रूने बसवावी. हा स्क्रू अनेकदा मदरबोर्डच्या खोक्यातच राहिलेला असतो.