प्लॅटिनमची औषधं पाण्यात विरघळवताना या चुका टाळा

मिरजेत सिस्प्लॅटिन हे कॅन्सरवरचं प्लॅटिनमचं औषध चालू असलेला पेशंट ज्यांनी पाहिलाय, त्यांना औषधाच्या आधी आणि नंतर चढणाऱ्या सलाइनच्या बाटल्या आठवत असतील. मूत्रपिंडं वाचावीत म्हणून तो खटाटोप. हा त्रास कमी करणारं, पाण्यात नीट विरघळणारं संयुग करू पाहणारी मुलं दरवर्षी माझ्याकडे येतात, आणि दुसऱ्याच आठवड्यात विचारतात, "सर, विरघळतच नाही. डीएमएसओत घालू का?" (डीएमएसओ म्हणजे पाण्यात न विरघळणारे पदार्थही विरघळवणारा, गंधक असलेला एक द्रव.)

नको. हळदीतल्या करक्युमिनवर काम करून ही सवय लागते (सांगलीत हळदीवर प्रोजेक्ट न केलेला विद्यार्थी सापडणं कठीण), आणि तिथे ती चालतेही. सिस्प्लॅटिनला मात्र डीएमएसओतलं गंधक येऊन चिकटतं, क्लोराइड निघून जातो आणि बाटलीत भलतंच संयुग उरतं. द्रावण नितळ दिसतं, म्हणून शंकाही येत नाही. एका विद्यार्थिनीचे पेशींवरचे तीन आठवड्यांचे निकाल आम्हाला यापायी टाकून द्यावे लागले. स्टॉक, म्हणजे मूळ दाट द्रावण, कशात केलाय, हे मी वेळेवर विचारायला हवं होतं.

सिस्प्लॅटिन ०.९ टक्के सलाइनमध्ये करा, मिलीलीटरला १ मिलीग्रॅम. भोवती क्लोराइड असला की त्याचे क्लोराइड सहसा सुटत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवू नका, स्फटिक तळाला बसतात. ऑक्झॅलिप्लॅटिन या दुसऱ्या प्लॅटिनमच्या औषधाचं नेमकं उलट: त्याला सलाइन चालत नाही, ५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं पाणी) लागतं.

नवं संयुग बनवताना प्लॅटिनमला चिकटलेले आयोडाइड काढायला सिल्व्हर नायट्रेट घालतो. ते (वजनात नव्हे, मोलमध्ये मोजून) प्लॅटिनमच्या दुपटीहून किंचित कमीच घ्या, फ्लास्कला फॉइल गुंडाळा, रात्रभर ढवळू द्या. गाळल्यावर एक थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा. लगेच दुधाळ झालं तर चांदी शिल्लक आहे. अशी चांदी स्वतःच पेशी मारते आणि श्रेय तुमच्या संयुगाला मिळतं.

आणि विरघळलं म्हणजे सुरक्षित झालं, असं लिहू नका. कार्बोप्लॅटिन हे याच कुळातलं औषध मूत्रपिंडांना सौम्य पडतं, कारण क्लोराइडच्या जागी बसवलेला गट सावकाश सुटतो. पण त्याच्याने प्लेटलेट्स उतरतात. त्यामुळे निरोगी पेशींवरही चाचणी लावा, सिस्प्लॅटिन शेजारी ठेवून, त्याच दिवशी, त्याच प्लेटमध्ये.