गावातल्या घरी पिल्लू आणल्यावर पहिले तीन महिने काय करायचं

आपल्या वऱ्हाडात पिल्लू घरी येतं ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी कोठ्यातून. कुत्री व्याली, पाच-सहा पिल्लं झाली, "एक घेऊन जा" म्हटलं की पोरं पोत्यात घालून आणतात. इथेच घाई होते. आठ आठवडे पूर्ण होईस्तोवर पिल्लू आईजवळ राहू द्या. किती जोरात चावलं की दुसऱ्याला दुखतं, हे ते भावंडांशी मस्ती करतानाच शिकतं.

आणल्याबरोबर दवाखाना

यात आम्ही चुकलो आहोत. 'गावठी कुत्र्याले काय होते' म्हणून थांबलो आणि आमचं पहिलं पिल्लू पार्व्हो या विषाणूच्या आजारानं तीन दिवसांत गेलं. आधी उलट्या, मग रक्ताची, घाण वासाची हगवण. पाण्याची वाटी नाकाशी होती, पण मान उचलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. म्हणून कळकळीनं सांगतो, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करून लस आहे का विचारा आणि पहिल्याच आठवड्यात जा. पार्व्हो आणि डिस्टेंपर (हाही कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूचा आजार) यांच्या लसीचा पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांचं असताना, पुढे दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस ३ महिन्यांचं झालं की, आणि नंतर डॉक्टर सांगतील त्या तारखेला न चुकता. जंताचं औषधही त्याच फेरीत वजन करून घ्या.

पार्व्होचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकतात. त्यामुळे डोस पूर्ण होईस्तोवर पिल्लाला गावातल्या कुत्र्यांत सोडू नका. पण कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन फिरवा. बैल, ट्रॅक्टर, पिठाच्या गिरणीचा आवाज, डोक्यावर भारा घेतलेली बाई, सगळं दाखवा. सव्वातीन महिन्यांच्या आत जे शांतपणे पाहिलं, त्याला ते पुढे सहसा भीत नाही.

पहिल्या रात्री

ते रडणारच. सपरीत, तुमच्या बाजेजवळ खोक्यात जुनं लुगडं अंथरून झोपवा. कोठ्यात एकटं बांधलं तर ते रडून रडून घाबरट होतं.

खायला मऊ कुस्करलेली भाकर किंवा भात, सोबत उकडलेलं अंडं नाहीतर बिनहाडाचं चिकन, थोडं थोडं करून दिवसातून चारदा. नुसत्या दुधावर ठेवू नका, गाईचं दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही. कांदा-लसूण घातलेला रस्सा, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडं अजिबात नको. आपल्याकडची आणखी एक गोष्ट म्हणजे सरकी आणि तिची ढेप, म्हणजे पेंड. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ते कुत्र्याच्या हृदयाला घातक आहे. गाईचं घमेलं चाटू देऊ नका. गोचीड झाले म्हणून फवारणीचं औषध किंवा रॉकेल चोळणं तर जीवावरच बेततं. गोचिडाचं औषध वयाप्रमाणे डॉक्टरांकडूनच घ्या.

शी-शू

झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच उचलून अंगणातल्या ठरलेल्या कोपऱ्यात न्या. जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की वेळ आली समजा. तिथे केलं की त्याच क्षणी शाबासकी द्या. घरात केलं तर निमूटपणे पुसून घ्या. नाक घासणं, काठी मारणं यानं ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही. मग कणगीमागे जाऊन करतं.

चावायला लागलं की खेळ तिथेच थांबवा आणि गाठी मारलेलं जुनं फडकं द्या. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलतात, तेव्हा जास्त चावतं. दात लागून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवा. घरचंच पिल्लू आहे म्हणून सोडू नका.

'ये' म्हटलं की येणं

बाकी काही नाही शिकवलं तरी हे शिकवाच. खेड्यात कुत्रं मोकळं राहतं, समोर रस्ता असतो, धुऱ्यावर साप असतो, जंगलाजवळ बिबट्या असतो.

सुरुवात घरात, दोन हातांच्या अंतरावरून. नाव घ्या आणि 'ये' एकदाच म्हणा. आलं की अंड्याचा तुकडा द्या, मान खाजवा, परत सोडून द्या. असं दिवसातून आठ-दहा वेळा. जमलं की अंगणात, मग वीस फुटांचा दोर लावून वावरात. नाही आलं तर मागे धावू नका, त्याला तो खेळ वाटतो. उलट्या दिशेनं पळा किंवा खाली बसा. आणि बोलावून कधीही मारू नका, कितीही उशिरा आलं तरी. एकदा मार बसला की 'ये' शब्द मेला.

आताची आमची काळी कुत्री चार महिन्यांची होती तेव्हा हे धडे रोज चालायचे. श्रावणात शेजारच्या पऱ्हाटीवर फवारणी सुरू असताना ती सशामागे धुऱ्यापर्यंत पोचली. ओल्या पानांचा वास इथपर्यंत येत होता. एकच हाक मारली. ती थबकली, कान मागे गेले, पुन्हा एकदा सशाकडे पाहिलं आणि चिखल उडवत परत आली. खिशात तेव्हा भाकरीचा वाळका तुकडाच होता, तोच दिला.